आई-बाबांना नदीवर न्यायचं की समुद्रावर?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडून आई-बाबा परदेशातल्या लेकाकडे किंवा लेकीकडे राहायला आले की आठवडाभराच्या क्रूझचा बेत हल्ली हमखास निघतो. मग घरात दोन तट पडतात. एकाला युरोपातली ऱ्हाइन किंवा डॅन्यूब नदी हवी, दुसऱ्याला भूमध्य समुद्र. माहितीपत्रकातले फोटो जरा बाजूला ठेवा आणि आधी आईचे गुडघे, नातवंडांची वयं आणि पासपोर्ट बघा. निम्मा निकाल तिथंच लागतो.

लहान मुलं बरोबर असतील तर फार डोकं चालवू नका, समुद्रच घ्या. नदीवरच्या जहाजात केबिन दोघांची, तिसरी खाट क्वचितच. मुलांना पळायला जागा नाही, आणि वायकिंगसारखी कंपनी तर 18 वर्षांखालच्यांना घेतच नाही.

सगळेच मोठे असतील तर नदी सोपी वाटते. पाणी शांत, माणसं शे-दोनशे, जहाज बहुतेक ठिकाणी गावालगत लागतं. पण गुडघ्यांचा प्रश्न इथंच येतो. युरोपातली ही जहाजं 110 किंवा 135 मीटर लांब आणि जेमतेम साडेअकरा मीटर रुंद असतात, कारण वाटेतल्या बऱ्याच लॉकची (जहाज वर-खाली चढवणाऱ्या, दारं असलेल्या पाण्याच्या हौदांची) रुंदीच 12 मीटर आहे. लिफ्ट असली तरी बहुतेक वेळा ती मधल्या मजल्यांपुरतीच. सर्वांत खालच्या केबिनला आणि वरच्या उघड्या डेकला जिना चढूनच जावं लागतं. त्यातून गर्दीच्या धक्क्यावर दोन-तीन जहाजं एकमेकांना चिकटून उभी करतात. तुमचं जहाज बाहेरच्या बाजूला असलं की आधी शेजारच्या जहाजाच्या लॉबीतून, कधी त्याच्या वरच्या डेकवर चढून पलीकडं उतरायचं, मग कुठं किनारा. जाताना एकदा, येताना एकदा. पुढं जुन्या गावांतली खडबडीत दगडी फरसबंदी आहेच. म्हणून एजंटाला ‘लिफ्ट आहे का’ असं विचारू नका. ‘लिफ्ट कुठल्या मजल्यापासून कुठल्या मजल्यापर्यंत जाते’ असं विचारा, आणि मधल्या मजल्याची केबिन घ्या. खालची केबिन स्वस्त मिळते खरी, पण तिची खिडकी छताजवळ, पाण्याला लागून असते आणि उघडत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. पावसाळ्यात चिकोडीकडं कृष्णा चढली की कल्लोळ-यडूरचा पूल पाण्याखाली जातो. युरोपात पूल उंच, पण पाणी चढलं की जहाज पुलाखालून जाऊ शकत नाही. आणि पाणी फार उतरलं की तळाला लागायची भीती. ऱ्हाइनवर जर्मनीतल्या काउब गावची पाण्याची पातळी दाखवणारी मोजपट्टी सगळे बघत असतात. ऑक्टोबर 2018 मध्ये ती 25 सेंटिमीटरवर आली होती (ही नदीची खोली नव्हे, जहाजाच्या वाटेत त्याहून साधारण मीटरभर जास्त पाणी असतं). गंमत म्हणजे ज्या किल्ल्यांसाठी लोक ऱ्हाइनला जातात, त्याच पट्ट्यात काउब आहे. असं झालं की कंपनी बसनं फिरवते किंवा सामानासकट दुसऱ्या जहाजात बसवते, आणि पैसे परत द्यायला सहसा बांधील नसते. आमच्या मते ऱ्हाइनसाठी ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर टाळावा, मे मध्य ते जुलैची सुरुवात बरी. डॅन्यूबला पुराचा घोर उरतोच: 2013 चा पूर जूनमध्ये आला, 2024 चा सप्टेंबरमध्ये.

समुद्रावरच्या जहाजात लिफ्ट भरपूर, डॉक्टर असतो, व्हीलचेअर फिरते. पण जहाज तीनशे मीटर लांब, तेव्हा केबिनपासून जेवणघरापर्यंतच चांगली रपेट होते. केबिन जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावर आणि लिफ्टजवळ घ्या, तिथं हेलकावे सर्वांत कमी. मळमळ-उलटीवरची अव्होमिनसारखी गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यावी लागते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. वेळापत्रकात ‘रोम’ लिहिलेलं असतं, पण जहाज लागतं चिविताव्हेक्कियाला, रोमपासून सुमारे 80 किलोमीटरवर. ग्रीसमधल्या सॅन्टोरिनी बेटावर तर छोट्या होडीत उतरून किनारा गाठायचा. गुडघे दुखत असतील तर त्या दिवशी जहाजावरच थांबलेलं बरं.

तिकिटाच्या आकड्यावर भुलू नका. समुद्रावरच्या स्वस्त भाड्यावर टिप (मोठ्या अमेरिकन कंपन्या माणशी रोज 16 ते 20 डॉलर लावतात), वायफाय आणि सहली चढतात. नदीच्या भाड्यात यातलं बरंचसं धरलेलं असतं.

जेवणात समुद्र पुढं. नदीवर स्वयंपाकघर एकच, शाकाहारी म्हणजे पास्ता आणि चीज. बुकिंग करतानाच लेखी कळवा, महिनाभर आधी पुन्हा आठवण द्या. कुकर, इंडक्शन, किटली दोन्हीकडं काढून घेतात. भडंग आणि शेंगाचटणी पिशवीत असू द्या, कुंदा मात्र नको: युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

शेवटी व्हिसा. डॅन्यूबवर सर्बियातलं बेलग्रेड असलं, किंवा समुद्रावर तुर्कस्तान वा मॉन्टेनेग्रो असलं, की जहाज शेंगेनबाहेर (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर) जाऊन परत येतं. त्यासाठी एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचा व्हिसा लागतो, आणि त्या देशांचे नियम वेगळे. अर्ज आई-बाबा गावाकडं असतानाच करा. अमेरिकेत पाहुणे म्हणून आलेल्यांचा अर्ज तिथं सहसा घेत नाहीत. कोल्हापूर-पुणे कितीही जवळचं वाटलं तरी पत्ता कर्नाटकातला, तेव्हा अर्ज कुठं द्यायचा ते वकिलातीकडून आधी विचारून घ्या. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर जोडा. जुन्या पासपोर्टावर ‘बेलगाम’ आणि 2014 नंतरच्या कागदांवर ‘बेळगावी’ असेल तर फॉर्ममध्ये पासपोर्टावरचंच लिहा. विमा किमान 30,000 युरोचा हवा, त्यात जहाजावरून दवाखान्यात हलवण्याचा खर्च आणि बीपी-शुगरसारखे जुने आजार धरलेत का ते वाचून घ्या. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या 6 महिन्यांपेक्षा आधी घेत नाहीत, आणि चांगल्या केबिन त्याआधीच जातात. तेव्हा व्हिसा हातात पडेपर्यंत अनामत परत मिळेल असंच तिकीट काढा.