फेअरबँक्सला निघालेल्या व्हायोलिनवादक मुलीस

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

अलास्कात फेअरबँक्सला विद्यापीठात जायचं, तिथे वाजवायचं आणि शिकवायचं, हे तू ठरवलंस याचा मला मनापासून आनंद आहे. पण तुझं व्हायोलिन पुण्याच्या पावसाळ्यात मुरलंय आणि तुझा हात बैठकीच्या मैफलीत. तिथे दोन्हींना नव्याने वळण लावावं लागेल. आधी वाद्याचं सांगतो, कारण तेच बिघडलं तर बाकीच्याचा उपयोग नाही.

वाद्याचा खरा शत्रू थंडी नाही, कोरडेपणा. उणे ४० अंशांना (सेल्सिअस म्हण की फॅरनहाइट, तिथे दोन्ही एकच) बाहेरच्या हवेत ओलावा जवळजवळ नसतो. तीच हवा घरात २० अंशांपर्यंत तापली की आर्द्रता १०-१५ टक्क्यांच्याही खाली जाऊ शकते. व्हायोलिनला ४० ते ६० लागते. पूर्ण घर ४० टक्क्यांवर ठेवायला जाऊ नकोस, खिडक्यांवर आतून बर्फ धरेल. फक्त केस, म्हणजे व्हायोलिनची पेटी, सांभाळ. केसमध्ये छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेव. केसबरोबर येणाऱ्या काट्याच्या मापकावर विश्वास ठेवू नकोस. आकडा ३० च्या खाली गेला तर त्याच दिवशी हालचाल कर. वाद्याला आतून ओलावा देणारी स्पंजची रबरी नळी मिळते, ती भिजव, घट्ट पीळ, बाहेरून कोरडी पूस आणि मगच वाद्याच्या छिद्रातून आत सोड. आत ठिबकलेलं पाणी कोऱ्या लाकडावर पडतं आणि सांधे सुटतात. हिवाळ्यात ही नळी रोजच्या रोज भिजवावी लागते.

तरीही लाकूड आकसणारच. वरची पाटी स्प्रूसची, मागची मेपलची, आणि दोन्ही कडेला सरसाने चिकटवलेल्या. लाकडाआधी सरस सुटावा अशीच ती योजना असते. तो सुटला नाही तर पाटीला तडा जातो. म्हणून एखाद्या सुरावर चरचर ऐकू आली की बोटाच्या पेराने कडेकडेने टकटक करून बघ. सुटलेल्या जागी आवाज पोकळ येतो. तारा थोड्या सैल कर आणि जाणकाराकडे ने. फेव्हिकॉल किंवा झटपट चिकटणारा गोंद चुकूनही लावू नकोस, पुढच्या दुरुस्तीची वाट कायमची बंद होते. सगळ्या तारा एकदम मात्र कधीच उतरवू नकोस. आतला साउंडपोस्ट (दोन पाट्यांमधली लाकडी काडी) नुसत्या दाबावर उभा असतो, तो पडला तर गावात उभा करणारा कोणी मिळणार नाही.

कोरड्या हवेत पाटी खाली बसते, तारा पट्टीला टेकू लागतात. म्हणून निघण्यापूर्वी तारा उचलून धरणाऱ्या दोन घोड्या करून घे, एक नेहमीची आणि एक हिवाळ्यासाठी किंचित उंच. खुंट्या आकसून सुटतात. पेग कंपाउंड (खुंट्यांना लावायचा लेप) लाव आणि फिरवताना खुंटी आत दाबत फिरव. गजाचे केसही आखडतात. वाजवून झालं की प्रत्येक वेळी गज सैल कर, नाहीतर टोक मोडेल. केस नव्याने भरून घेताना थोडे लांब ठेवायला सांग. खरं तर तिथल्यासाठी कार्बन फायबरचा गज घे. आणि जुन्या गजाच्या टोकाला हस्तिदंत असेल तर तो अमेरिकेला नेऊच नकोस, सीमाशुल्काच्या फेऱ्यात सापडशील.

बाहेरून आत आलीस की केस उघडायची घाई नको. तास-दोन तास बंदच राहू दे. गार व्हायोलिन उबदार खोलीत उघडलं की त्यावर दव धरतं आणि वॉर्निशला बारीक भेगा पडतात. गाडीच्या डिकीत पाच मिनिटंही ठेवू नकोस. गावांना जाणारी विमानं लहान असतात, मागचा सामानाचा कप्पा गार असतो. वैमानिकाला सांगून केस माणसांच्या बाजूला ठेवून घे आणि वरून स्लीपिंग बॅग गुंडाळ.

आता वाजवण्याबद्दल. कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीने १८४७ साली अलास्कात युकॉन नदीवर फोर्ट युकॉनला ठाणं घातलं. कंपनीच्या ऑर्कनी, स्कॉटिश आणि फ्रेंच-कॅनेडियन माणसांबरोबर व्हायोलिन त्या भागात आलं आणि तिथल्या मूळनिवासी ग्विचिन लोकांनी ते आपलंसं केलं. नदीच्या वरच्या अंगाची ही जुनी परंपरा. खालच्या अंगाला, कोयुकॉन लोकांत, सोन्यासाठी आलेल्या गर्दीबरोबर नंतरची अमेरिकन गाणी आली, त्यामुळे तिथे वॉल्ट्झ आणि टू-स्टेप हे जोडीचे नाच जास्त. दोन्ही बाजूंचे वादक १९८३ पासून नोव्हेंबरात फेअरबँक्सला अथाबास्कन फिडल फेस्टिव्हलमध्ये जमतात (ग्विचिन आणि कोयुकॉन दोन्ही अथाबास्कनच, आणि फिडल म्हणजे व्हायोलिन). पहिल्या वर्षी तिथे वाजवायची घाई करू नकोस. बस, ऐक, लोकांचे पाय बघ.

हे सगळं संगीत नाचासाठी आहे. मींड आणि आलापीला तिथे जागा नाही. छोटा गज, दोन तारा एकत्र, आणि तुझा स्वतःचा पाय जमिनीवर सतत ठोका देत. मांडी घालून वाजवायची सवय मोडायला किमान तीन महिने धर. खुर्चीवर बसून, व्हायोलिन हनुवटीखाली किंवा छातीला टेकवून. ‘रेड रिव्हर जिग’ ही नाचाची चाल सर्वांत आधी शिक. तिचे दोन भाग आहेत. वरच्या तारांवरचा भाग चालू असताना नाचणारा साधं पाऊल टाकतो. तू खालच्या तारांवर उतरलीस की तो आपली करामत दाखवतो, आणि वर आलीस की पुन्हा साध्या पावलावर येतो. हा बदल ठसठशीत ऐकू यायला हवा, नाहीतर तो माणूस भर मैदानात अडखळतो. आणि शेवटचा नाचणारा थांबेपर्यंत तू थांबायचं नाही.

इथे तुझी खरी परीक्षा आहे. या चालींत मध्येच एखादी मात्रा जास्त येते, एखादी गळते. तुला तीनतालाचं गणित पक्कं येतं, त्यामुळे ती चूक वाटेल आणि हात आपोआप ती दुरुस्त करेल. करू देऊ नकोस. त्या मात्रेवर कोणाचं तरी पाऊल बसलेलं आहे. ज्या वडीलधाऱ्या वादकाकडून चाल घेशील त्याची वेडीवाकडी चाल तशीच घे, ध्वनिमुद्रण करायचं तर आधी विचार, आणि वाजवताना कोणाकडून शिकलीस ते सांग. काही चालींना खालच्या दोन तारा एकेक सूर चढवून ए-ई-ए-ई अशा लावतात. तुझ्या कानाला ते सा-प-सा-प आहे, अगदी घरचं. मात्र जुन्या वाद्यावर हळूहळू चढव आणि घोडी पुढे झुकत नाही ना ते बघत राहा.

शिकवताना कागद शेवटी. बेल मिकेलसन यांनी सुरू केलेला ‘डान्सिंग विथ द स्पिरिट’ हा उपक्रम गावच्या शाळांत शिबिरं घेतो. मुलांना कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) दाखवायला ते रंगीत ठिपके वापरतात. ही युक्ती उचल. बोटांच्या पट्ट्यांसाठी वरच्या खाचेपासून घोडीपर्यंतची तार मोज. एक नवमांशावर रे, एक पंचमांशावर ग, एक चतुर्थांशावर म. पूर्ण मापाच्या वाद्यावर तार सुमारे ३२८ मिलिमीटर, म्हणजे साधारण ३६, ६६ आणि ८२ मिलिमीटरवर. अर्ध्या-पाऊण मापालाही हेच गणित लागू पडतं. मूल हात लांब करून व्हायोलिन धरेल तेव्हा टोकाची गुंडाळी तळहातात बसली पाहिजे. तळहातापलीकडे गेली तर एक माप खाली उतर.

पहिल्या दिवशी फक्त गज: लांब-आखूड-आखूड, मोकळ्या तारेवर, गिटारच्या साथीने. एकेकाला उभं करून वाजवायला लावू नकोस, सगळे एकत्र वाजवू देत. गावातल्या एखाद्या आजोबांना वर्गात बोलाव आणि त्यांना मानधन दे. आठवड्याच्या शेवटी गावचा नाच ठेव, मुलांनी तीन कॉर्ड आणि एक चाल वाजवली तरी पुरे. ई तार सर्वांत जास्त तुटते. प्रत्येक मापाच्या सहा-सहा ने आणि उरलेल्या शाळेत ठेवून ये.

पैशांबद्दल स्पष्ट सांगतो. विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसबाहेर पैसे घेऊन वाजवणं किंवा शिकवणं परवानगीशिवाय चालत नाही, आणि पर्यटक व्हिसावर तर नाहीच. पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कचेरीत जाऊन लेखी विचारून घे.

ऑगस्टमध्येच पोहोच, म्हणजे लाकडाला हळूहळू वाळायला दोन महिने मिळतील. घोड्यांचं काम जुलैअखेर उरकलं की कळव. दोन्हींची उंची मोजून लिही, मी बघतो.

तुझा,
काका