वाचकांचे प्रश्न : घरच्या माणसांचे आभार कसे मानायचे?

प्रश्न : मुलगा-सून न्यू जर्सीत असतात. थँक्सगिव्हिंगच्या (अमेरिकेतल्या आभार मानायच्या सणाच्या) जेवणाआधी त्यांच्याकडे प्रत्येक जण वर्षभरातल्या एखाद्या गोष्टीबद्दल आभार मानतो. गेल्या वर्षी रात्री अडीच वाजता व्हिडिओ कॉलवर आम्हालाही बोलायला लावलं. हे 'सगळं छान आहे' म्हणून मोकळे झाले, मला तर काही सुचेचना. यंदा काय करावं? (गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : आधी वेळ बदला. थँक्सगिव्हिंग म्हणजे नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, २०२६ मध्ये २६ तारीख. तेव्हा न्यू जर्सी आपल्या साडेदहा तास मागे असतं. ऑक्टोबरातलं साडेनऊ तासांचं गणित धरून बसलात तर फसाल, कारण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे घेतात. जेवणाच्या वेळेचा हट्ट सोडा. शुक्रवारी सकाळी साडेसहाला चहा घेऊन बसा. तिकडे गुरुवारचे रात्रीचे आठ वाजलेले असतात, आवराआवर झालेली असते आणि मुलं अजून जागी असतात.

सुचत नाही याचं कारण 'आभार' हा शब्द. आपल्याकडे तो सभेच्या शेवटी येतो. घरात उच्चारला की 'परक्यासारखं काय बोलतोस' असं ऐकावं लागतं. म्हणून शब्दच टाळा आणि प्रश्न असा ठेवा : यंदा तुझ्यासाठी कोणी काय केलं, आणि कधी? 'तुम्ही सगळे आहात, अजून काय हवं' यात माणूसही नाही आणि प्रसंगही नाही. 'जुलैत गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा सूनबाई रोज फोनवर समोर बसून माझ्याकडून व्यायाम करून घ्यायची' एवढं एक वाक्य पुरे.

ऐन वेळी आठवत नाही, त्यामुळे दिवाळीतच चिवड्याचा रिकामा डबा, चिठ्ठ्या आणि पेन्सिल फ्रिजवर ठेवून द्या. आठवलं की दोन ओळी, खाली तारीख. आदल्या दिवशी चिठ्ठ्यांचे फोटो तिकडे पाठवा. कॉल तुटला तरी वाचता येतं. आपली चिठ्ठी दुसऱ्याने वाचायची, म्हणजे अवघडलेपण निम्मं होतं. फोन टेबलाच्या टोकाला ठेवा. मधोमध ठेवला तर कपबश्यांचा आवाज माणसांच्या वर जातो. सहा माणसांना दहा मिनिटं धरा आणि आजोबांचा नंबर शेवटी लावा. त्यांनी सुरुवात केली की नातवंडं उठून जातात, असा सार्वत्रिक अनुभव आहे!

प्रश्न : हा सण आपला नाही. मग हेच दसऱ्याला का करू नये? (नाशिक रोड)

उत्तर : जरूर करा. आपट्याचं पान हातात देताना एक वाक्य जोडायचं, एवढंच. मात्र परदेशी पाठवायच्या पाकिटात खरी पानं घालू नका, झाडपाला कस्टममध्ये अडकतो. सोनेरी कागदाची कापून घाला. मुलं कॅनडात असतील तर सोयच आहे, तिथला थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतो. २०२४ मध्ये दसरा १२ तारखेला होता आणि तो सोमवार १४ ला.

आणखी एक. अमेरिकेतले अनेक मूलनिवासी १९७० पासून तिथल्या थँक्सगिव्हिंगचाच दिवस मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ गावात शोकदिन म्हणून पाळतात, युरोपीय वसाहतींमुळे पूर्वजांनी जे गमावलं त्याच्या आठवणीत. नातवंडांनी विचारलं तर विषय झटकू नका.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. दोन्ही घरी एकच पदार्थ करता येईल का? (पंचवटी)

उत्तर : लाल भोपळ्याचे घारगे. एक वाटी कीस आणि पाऊण वाटी गूळ शिजवून घट्ट करा. गार झाल्यावर चिमूटभर मीठ, दोन चमचे तांदळाची पिठी आणि मावेल तेवढी कणीक घाला. पाणी अजिबात नको. तिकडे डब्यातला भोपळ्याचा गर वापरतात. तो पाणीदार असतो. आटवून घेतला नाही तर कणीक जास्त लागते आणि घारगे चिवट होतात. डब्यावरचं नाव नीट वाचायला सांगा. 'पम्पकिन पाय' या तिकडच्या गोड पदार्थाचं तयार सारण आलं तर त्यात साखर आणि दालचिनी आधीच असते. पीठ मळल्यावर दहा मिनिटांत लाटायला घ्या. जास्त ठेवलं की गुळामुळे सैल पडतं आणि मग घारगे तेल पितात.