लव्हेंडरच्या रानातून एक दिवस

प्रश्न : आमची मुलगी फ्रान्समधील मार्सेय येथे नोकरीस आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही उभयता तिच्याकडे जात आहोत. मोटारीने एका दिवसात लव्हेंडरची शेते पाहून परतता येईल काय? — एक वाचक, लातूर

उत्तर : अवश्य येईल, आणि आपण निवडलेला आठवडा अगदी योग्य आहे, कारण मार्सेयच्या ईशान्येला असलेल्या, लव्हेंडरसाठी प्रसिद्ध अशा वालाँसोलच्या पठारावर जूनच्या मध्यापासून फुलोरा असतो आणि जुलैच्या मध्याच्या सुमारास कापणी सुरू झाली, की जांभळा रंग भराभर ओसरतो. पहाटे निघून मानोस्क शहरामार्गे पठारावर पोहोचावे. तेथे सरळ तासांत, म्हणजे ओळींत, दिसणारे पीक बहुतांशी लव्हेंडिन, म्हणजे संकरित जातीचे असते. अस्सल लव्हेंडर अधिक उंचावर, सो गावाच्या परिसरात, थोडे उशिरा फुलते. एका दिवसात दोन्हीकडे धावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी एखाद्या बांधाशी निवांत बसावे : तुऱ्यातुऱ्यावर मधमाश्या लगडलेल्या असतात, आणि गळून पडलेले फूल बोटांत चुरडले, की गोडसर वासामागून कापराचा उग्र दर्प येतो. हुरड्याच्या दिवसांत न विचारता रानात शिरलेला माणूस आपल्याला खपत नाही, तसेच तेथील शेतकऱ्यांचेही आहे. म्हणून परवानगीवाचून तासांत उतरू नये आणि फुले तर मुळीच तोडू नयेत. पठारावर सावली फार कमी आहे, तेव्हा पाणी आणि टोपी सोबत असावी.