हृदय धडधडत असताना डॉक्टर रुग्णाला मेंदूमृत कसे ठरवतात?

मेंदूस्तंभ, म्हणजे श्वास आणि शुद्ध सांभाळणारा मेंदूचा खालचा भाग, कायमचा थांबला आहे हे तपासून, आणि तेही एकदा नव्हे, दोनदा. अवयव प्रत्यारोपण कायदा, 1994 नुसार चार डॉक्टरांचे मंडळ किमान 6 तासांच्या अंतराने या चाचण्या करते. डोळ्याच्या बाहुलीवर प्रकाश टाकतात, बुबुळाला कापूस लावतात, कानात बर्फाचे पाणी सोडतात, घशात नळी हलवून खोकला येतो का पाहतात. शेवटची ॲप्निया (श्वास थांबल्याची) चाचणी सगळ्यांत महत्त्वाची: ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटर काढतात, रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब 60 मिमी पाऱ्याच्या वर जाऊनही छाती हललीच नाही, तर स्वतःहून श्वास घेण्याची क्षमता संपली. मात्र झोपेच्या औषधांचा अंमल किंवा शरीर फार थंड असेल, तर आधी ते दूर करावेच लागते. कोमा वेगळा, त्यातून माणूस परतू शकतो.