वाड्यावर सोलर बसवायचं का?

प्रश्न : काकू, आमचा रावपुऱ्यात आजेसासऱ्यांच्या वेळचा वाडा आहे, सागवानी खांब, कौलं, सगळं जुनं. मुलगा म्हणतो कौलांवर सोलर लावू, हवामान बदलाने जुन्या वास्तू खराब होतायत ते थांबेल. दीर म्हणतात वाड्याचं वाटोळं होईल. खालच्या भिंतीला लोणा लागलाय, मागे सिमेंट मारलं तरी थांबला नाही. – एक वाचक, बडोदा

उत्तर : ताई, मुलाची तळमळ अगदी खरी आहे, पण सोलरने तुमचा लोणा जाणार नाही हे आधीच सांगते. जमिनीतली ओल भिंतीत चढते, सोबत क्षार आणते, ऊन पडलं की पाणी उडतं आणि क्षार चुन्याच्या आत फुगून पोपडे पाडतात. आता पाऊस एकदम कोसळतो आणि मागोमाग कडक ऊन, २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी शहरात शिरली ते तर आपण सगळ्यांनी भोगलंय, अशाने हे वाढतच जातं. त्यात सिमेंट म्हणजे ओल आत कोंडणं! ते आधी काढा, चुन्याचाच गिलावा करा, प्लास्टिक पेंट नको आणि पावसाआधी पन्हळी साफ करून घ्या.

मग सोलर कशाला? कोळसा जाळला की सल्फर डायऑक्साइड निघतो, ओलीत त्याचं आम्ल होतं आणि ते चुना, संगमरवर खातं, म्हणून तर १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ताजमहालाच्या आसपासच्या कारखान्यांना कोळसा सोडायला लावला. शिवाय हवा तापवणारा कार्बन वेगळाच. म्हणजे सोलर हवंच, पण कौलांवर नको. क्लॅम्प ठोकले की गळती, वाऱ्याने पॅनल उचलले जातात तो ताण जुन्या वाशांवर, आणि वासे भिजले की वाळवी आलीच. मोढेऱ्याला बघा, २०२२ मध्ये अख्खं गाव सोलरवर गेलं, सूर्यमंदिराचे दिवेसुद्धा, पण पॅनल घरांवर आणि सुज्जनपुऱ्याच्या ६ मेगावॉटच्या प्लांटमध्ये, देवळावर एकही नाही.

तुमच्या मागच्या अंगणात नंतर बांधलेला स्लॅब असेल तर तिथे लावा, ३ किलोवॉटला साधारण ३०० चौरस फूट जागा लागते, केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत ७८,००० रुपये सबसिडी मिळते. स्लॅब नसेल आणि नवीन शेड घालणार असाल तर थांबा, तुमच्या रावपुऱ्यातलाच जुना तांबेकर वाडा संरक्षित स्मारक आहे, त्याच्या १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते, तेव्हा आधी अंतर मोजून घ्या.