तडीपारीच्या ऑर्डरवरची तारीख आधी बघा

तासगाव तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. मिस्टरांना प्रांतसाहेबांनी सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर अशा चार जिल्ह्यांतून दोन वर्षांसाठी तडीपार केलंय. ते सध्या कर्नाटकात अथणीला आत्याकडे आहेत. इकडे द्राक्षबागेत थिनिंग, म्हणजे घडातले मणी विरळ करायचं काम, चालू आहे, मजुरांवर लक्ष ठेवायला कुणी नाही, पोरगी तिसरीत, सासऱ्यांना चालवत नाही. ताई विचारतात, "संविधानाने देशात कुठंही राहायचा अधिकार दिलाय ना, मग स्वतःच्याच घरात राहायला बंदी कशी घालतात? हा कायदाच घटनेच्या विरोधात आहे असं कोर्टात मांडता येईल का? का चालू केसचा निकाल लागेपर्यंत थांबावं? ऑर्डर हातात पडल्यापासून तीस दिवस असतात म्हणे, म्हणजे अजून सतरा दिवस आहेत."

अशी पत्रं मला वर्षभर येतात, वाळवा, पलूस, कराड, कोरेगाव, सगळीकडून, आणि जवळजवळ प्रत्येकात हा शेवटचा हिशोब चुकलेला असतो. ताई, सतरा दिवस नाहीयेत. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ६० मध्ये अपिलाचे तीस दिवस ऑर्डरच्या तारखेपासून धरलेत, पोलिसांनी तुमच्या दारात आणून दिली त्या तारखेपासून नाही. तुमची ऑर्डर हातात पडायलाच सहा दिवस गेले. पत्र मला मिळालं तेव्हा ऑर्डरला १९ दिवस झाले होते आणि आज मी लिहितेय तेव्हा २१, म्हणजे उरले ९. प्रमाणित नकल मिळायला जे दिवस लागतात ते या तीस दिवसांत मोजत नाहीत, पण त्यासाठी आधी नकलेचा अर्ज केलेला पाहिजे आणि तुम्ही तो केलेला दिसत नाही, पत्राला फक्त मोबाइलवर काढलेले फोटो जोडलेत. तेव्हा हे वाचून झालं की पहिलं काम नकलेचा अर्ज, आणि नकलेसाठी अडून न बसता अपील ९ दिवसांच्या आतच टाकायचं. उशीर माफ करून घेऊ हा विचार डोक्यातून काढा, तो माफ होईलच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही आणि मुदत हातात असताना ती जोखीम कशाला घ्यायची.

अपील कायद्याने राज्य सरकारकडे असतं, आपल्याकडची अपिलं पुण्याला विभागीय आयुक्तांपुढे चालतात. आणि चालू केसच्या निकालाची वाट बघायचा प्रश्नच नाही. ती केस वेगळी, ही ऑर्डर वेगळी. केसचा निकाल लागायला तीन वर्षंही लागतील, ऑर्डर दोन वर्षांची आहे.

आता घटनेचं बोलू, कारण तुमचा सगळा भर तिथे आहे. कलम १९ मध्ये देशभर फिरायचा आणि कुठंही राहायचा हक्क आहे हे बरोबर, पण त्याच कलमाच्या पाचव्या खंडात सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी वाजवी बंधनं घालता येतील असंही लिहिलंय. तडीपारीचा कायदाच घटनाबाह्य आहे हा मुद्दा सुप्रीम कोर्टात १९५२ ला जुन्या मुंबई पोलीस कायद्यावर मांडून झालाय, १९५६ ला सध्याच्या कायद्यावर मांडून झालाय, दोन्ही वेळा कायदा टिकलाय. त्यामुळे अपिलाची पहिली दहा पानं त्यात घालवू नका, वाचणारा अधिकारी ती पानं उलटून पुढे जातो. पण म्हणून घटना तुमच्या कामाची नाही असं अजिबात नाही. जालना जिल्ह्यातल्या एका तडीपारीत जानेवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की हा असाधारण उपाय आहे, माणसाचा मुक्तपणे फिरायचा मूलभूत हक्क जातो, तो स्वतःच्या घरात बायकामुलांबरोबर राहू शकत नाही, त्याची रोजीरोटी जाऊ शकते, म्हणून तो क्वचितच वापरायचा आणि कायद्यातली प्रत्येक अट काटेकोर पाळूनच वापरायचा. अट पाळलेली नसेल तर ते बंधन वाजवी राहत नाही. तुमच्या मिस्टरांचा हक्क वाचवायचा असेल तर तो त्या अटींमधूनच वाचेल, आणि त्यातल्या एका अटीवर तुमची सगळी केस उभी आहे.

पोलीस कायद्यातल्या कलम ५६ (१) चा (ब) उघडून वाचा. त्यात म्हटलंय की माणूस बळाचा वापर असलेले किंवा शरीराविरुद्धचे, मालमत्तेविरुद्धचे वगैरे गुन्हे करतोय किंवा करणार आहे असं मानायला वाजवी कारण पाहिजे, आणि, ताई हा "आणि" महत्त्वाचा, स्वतःच्या जिवाच्या किंवा मालमत्तेच्या भीतीने साक्षीदार उघडपणे साक्ष द्यायला पुढे येत नाहीत असं त्या अधिकाऱ्याचं मत झालेलं पाहिजे. दोन्ही पाहिजेत. नुसते गुन्हे दाखल आहेत म्हणून तडीपारी होत नाही, गुन्ह्यांसाठी कोर्टं आहेत. कोर्टात खटला चालवणं शक्य नाही कारण कुणी बोलायलाच धजत नाही, अशा ठिकाणासाठी हा अधिकार दिलाय.

आता तुमच्या ऑर्डरमध्ये काय आहे? तीन प्रकरणं. २०१७ ची बांधावरची भांडणाची केस, २०१९ ची चॅप्टर केस, आणि २०२४ ची यात्रेतल्या मारामारीची केस जी अजून चालू आहे. पैकी चॅप्टर केस म्हणजे शांतता राखायचा बाँड, तो गुन्हाच नव्हे. आणि २०१७ च्या केसबद्दल तुम्ही पत्राच्या शेवटी सहज जाता जाता एक ओळ लिहिलीय की "त्यात २०२२ ला निर्दोष सुटले, फिर्यादी आणि दोन साक्षीदार कोर्टात येऊन बोलले पण उलटतपासणीत टिकले नाहीत". ही ओळ पत्रात सगळ्यात वर पाहिजे होती! साक्षीदार घाबरून पुढे येत नाहीत असं म्हणून ज्या माणसाला घराबाहेर काढलं, त्याच्याविरुद्ध तीन माणसं भर कोर्टात पिंजऱ्यात उभी राहून, शपथेवर, त्याच्या तोंडावर बोलून गेलीत. यात्रेच्या केसमध्येही चार्जशीटला साक्षीदारांची यादी असणारच, फिर्याद द्यायलाही कुणीतरी पुढे आलंच होतं.

इथे एक खात्री करून घ्या. ते साक्षीदार उलटतपासणीत टिकले नाहीत का फितूर झाले? सर्रास दोन्हीला "साक्षीदार फुटले" म्हणतात पण आपल्यासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. मूळ जबाबावरून फिरले असतील तर सरकारी बाजू म्हणेल बघा, भीतीनेच फिरले, आणि तुमचा सगळ्यात चांगला मुद्दा तुमच्यावरच उलटेल. म्हणून तासगाव कोर्टातून निकालाची आणि त्या तीन साक्षींची प्रमाणित नकल काढा, वकिलाला आधी वाचू द्या, मगच अपिलात लावा.

दुसरं, नोटीस आणि ऑर्डर शेजारी शेजारी ठेवून वाचा. मी फोटोंवरून वाचलंय. कलम ५९ ची जी नोटीस फेब्रुवारीत आली त्यात तीन प्रकरणं आहेत, लोकांत दहशत आहे असं मोघम वाक्य आहे, पण साक्षीदार भीतीपोटी साक्ष द्यायला येत नाहीत हे कुठंही नाही. ते उगवतं एकदम नोव्हेंबरच्या ऑर्डरमध्ये, एका ओळीत, दोन गोपनीय जबाबांचा उल्लेख करून. नोटिशीत आरोपांचं निदान सर्वसाधारण स्वरूप द्यायलाच लागतं आणि नोटिशीत नव्हतं ते ऑर्डरचा आधार होऊ शकत नाही, मुंबई हायकोर्टाने याच कारणावर बऱ्याच ऑर्डरी रद्द केल्यात. उलट गोपनीय साक्षीदारांची नावं का दिली नाहीत ही जी तुमची तक्रार आहे ती सोडून द्या. नावं किंवा बारीक तपशील द्यायची गरज नाही हे सुप्रीम कोर्टाने केव्हाच सांगितलंय, आणि नावं दिली तर या कायद्याला अर्थच उरणार नाही हेही तितकंच खरं.

आणि ताई, आता जरा रागावते. फेब्रुवारीत नोटीस आली, चौकशीच्या दोन तारखा लागल्या, आणि मिस्टर एकाही तारखेला गेले नाहीत, कारण कुणीतरी सांगितलं की गेलं की कोऱ्या कागदावर सही घेतात. तिथे वकील घेऊन जाता येतं, म्हणणं लेखी देता येतं, स्वतःचे साक्षीदार तपासता येतात, हे सगळं त्याच कलम ५९ मध्ये लिहिलंय. हा निर्दोष सुटल्याचा निकाल त्या दिवशी टेबलावर ठेवला असता तर बहुतेक आज हे पत्र लिहायची वेळच आली नसती. पारावर बसून सल्ला देणाऱ्याला काय, त्याला बाग सोडून अथणीला जायचं नव्हतं. आता आम्हाला ऐकूनच घेतलं नाही असं म्हणायची सोय राहिलेली नाही, तो मुद्दा तुम्ही स्वतःच्या हाताने घालवलाय. पण जी गोष्ट नोटिशीतच नव्हती तिचं उत्तर ते तारखेला गेले असते तरी देऊ शकले नसते, म्हणून वरचा मुद्दा गैरहजेरीनंतरही शाबूत राहतो. त्यावरच जोर द्या.

हा जोर का, तर कलम ६१. या ऑर्डरला कोर्टात आव्हान देता येत नाही, फक्त तीन कारणं सोडून. कलम ५९ ची पद्धत पाळली नाही, ऑर्डरला आधार देणारं काहीच साहित्य अधिकाऱ्यासमोर नव्हतं, किंवा साक्षीदार पुढे येत नाहीत असं मत अधिकाऱ्याने बनवलंच नव्हतं. तुमचे दोन्ही मुद्दे या तिघांत चपखल बसतात. हायकोर्टाचा घटनेच्या कलम २२६ चा रिटचा अधिकार, म्हणजे हक्कावर गदा आली म्हणून थेट हायकोर्टात अर्ज करायची सोय, मात्र घटनेनेच दिलेला आहे, तो पोलीस कायद्यातलं कुठलंही कलम काढून घेऊ शकत नाही, त्यामुळे तिथे बोलायला जागा थोडी जास्त मिळते.

बाकीचे मुद्दे घ्या पण दुय्यम ठेवा. दोन वर्षं ही कमाल मुदत आहे आणि कमाल मुदतच का लावली याचं एकही कारण ऑर्डरमध्ये नाही, जालन्याच्या निकालात हाही मुद्दा होता. फेब्रुवारी ते नोव्हेंबर नऊ महिने एकही नवीन तक्रार नाही, २०१७ ची घटना तर शिळी झालीय, म्हणजे आत्ताच्या ऑर्डरशी तिचा जिवंत संबंध काय? तिन्ही प्रकरणं एकाच पोलीस ठाण्यातली मग चार जिल्हे कशासाठी? यावर मी खात्री देणार नाही. शेजारचे जिल्हे घालता येतात, फक्त कारण द्यावं लागतं, आणि मूळ फाइलमध्ये काय कारण लिहिलंय ते मी पाहिलेलं नाही. ऑर्डरमध्ये ५६ (१) चा (अ) पण लावलाय, म्हणजे माणसाच्या वागण्याने लोकांना भीती किंवा धोका आहे हा आधार, तो साक्षीदारांच्या अटीशिवायही चालतो असं समोरून म्हणतील, त्याचं उत्तर वकिलाने तयार ठेवावं.

अपील टाकलं की घरी येता येईल असं समजू नका. वेगळी स्थगिती मिळेपर्यंत ऑर्डर चालूच राहते, म्हणून अपिलाबरोबरच स्थगितीचा अर्ज हवाच. आणि मग सुरू होतं ते ज्याने माझाही जीव मेटाकुटीला येतो, तारीख, पुढची तारीख, साहेब दौऱ्यावर, साहेब मीटिंगला. दोन वर्षांच्या ऑर्डरीतले सहा-आठ महिने अपिलात गेले तर त्या माणसाने उरलेल्या हक्काचं करायचं काय? द्राक्षाचा एक हंगाम गेला की तो कुणी भरून देत नाही. म्हणून स्थगितीच्या अर्जावर दोन-तीन आठवड्यांत काही झालं नाही तर गप्प बसू नका, हायकोर्टात रिट करून निदान ठराविक मुदतीत निर्णय द्या असा आदेश मागा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सांगली-सातारा दोन्ही त्यात येतात. पूर्वी अशा कामासाठी महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबई गाठायला लागायची आणि गरीब माणूस तिथेच नाद सोडायचा. आता सकाळी एसटीत बसलं की संध्याकाळी घरी. अपील न करता थेट रिट चालेल का, तर कधी चालतं, पण बहुतेक वेळा आधी अपिलात जा असंच ऐकावं लागतं, तुमच्याकडे दिवस आहेत तोवर अपीलच करा.

रात्री गुपचूप येऊन पहाटे परत गेले तर चालेल का असंही विचारलंय. नाही. परवानगीशिवाय हद्दीत पाऊल टाकणं हा कलम १४२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि तो गुन्हा दाखल झाला की अपिलात आपण काय बोलणार? सासऱ्यांचं आजारपण किंवा तसंच खरं कारण असेल तर कलम ६२ खाली तात्पुरत्या प्रवेशाची परवानगी मागता येते, डॉक्टरांचा कागद लावून रीतसर अर्ज करा. यात्रेच्या केसची तासगावला तारीख असेल त्या दिवसापुरती येण्याची सोय काही ऑर्डरमध्येच दिलेली असते, तुमच्या ऑर्डरचं शेवटचं पान फोटोत अर्धं कापलं गेलंय ते बघा. तशी सोय नसेल तर तारखेच्या आधी परवानगी काढा किंवा वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज द्या, नाहीतर तिकडून वॉरंट निघेल आणि पोलीस त्यांना पकडून आणायला येतील.

एक अगदी साधी गोष्ट, तीही लोक विसरतात. पुणे बंदीच्या हद्दीत नाही, तिथे ते स्वतः जाऊ शकतात, फक्त अथणीहून पुण्याची नेहमीची वाट बंदीच्या जिल्ह्यांतूनच जाते, ती परवानगीशिवाय धरू नये. पण सांगली आणि कोल्हापूर दोन्ही हद्दीत आहेत, वकिलाच्या ऑफिसला किंवा बेंचला सही करायला म्हणून त्यांना बोलावू नका. वकीलपत्र आणि प्रतिज्ञापत्र अथणीला पाठवा, तिथल्या नोटरीसमोर सह्या होतील. तुम्ही उद्या सकाळी नकलेचे दोन्ही अर्ज टाका, ऑर्डरचा प्रांत ऑफिसला आणि निकाल-साक्षींचा तासगाव कोर्टाला, आणि नोटीस, ऑर्डर, चार्जशीट असं असेल ते घेऊन फौजदारी काम करणाऱ्या वकिलाकडे जा. ऑर्डरवरची तारीख त्यांना तोंडी सांगू नका, कागदावर बोट ठेवून दाखवा.