पगारातून कापलेली वाढीव पीएफ वर्गणी पासबुकात दिसत नसेल तर

प्रश्न विचारणारे भाऊ वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील कापसाच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात कायम नोकरीवर आहेत. त्यांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,००० रुपये होतात. एप्रिल २०२२ पासून त्यांनी नेहमीच्या १२ टक्क्यांखेरीज दरमहा ३,००० रुपये स्वेच्छेने भविष्य निर्वाह निधीत टाकण्याचे लेखी दिले आहे. पगारपत्रकावर ही कपात दर महिन्याला दिसते, परंतु पासबुकात जुलै २०२३ ते एप्रिल २०२४ या ओळींमध्ये ती दिसत नाही. कारखान्याच्या दिवाणजींना विचारले असता, "एप्रिलची भरलेली आहे, तुमचीच यादी चुकली आहे," असे सांगून त्यांनी विषय संपवला. ही विवरणे तयार करण्याचे काम मी नोकरीत असताना बरीच वर्षे केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

भाऊ, दिवाणजींचे म्हणणे त्या एका महिन्यापुरते बरोबर असण्याची दाट शक्यता आहे, आणि तरीही तुमचे पैसे राहिलेले आहेत. पासबुकाच्या ओळीत तपशिलाच्या रकान्यात 'ड्यू मंथ' म्हणून जो महिना छापलेला असतो तो वर्गणी भरण्याचा महिना असतो, पगाराचा नव्हे. जूनच्या पगाराची वर्गणी १५ जुलैपर्यंत भरायची असते, म्हणून तिच्यापुढे ०७२०२३ असे येते. याचा अर्थ पासबुकातील जुलै २०२३ ते एप्रिल २०२४ या ओळी प्रत्यक्षात जून २०२३ ते मार्च २०२४ या पगारांच्या आहेत. तुम्ही एप्रिल २०२४ चे पगारपत्रक पुढे केले, दिवाणजींनी त्या पगाराचे चलान पाहिले, आणि त्यात रक्कम पूर्ण भरलेली निघाली. यादी एका महिन्याने सरकवून घ्या. राहिलेले महिने दहाच राहतात आणि रक्कमही ३०,००० रुपयेच राहते, पण आता तिच्यावर बोट ठेवायला कोणाला जागा उरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पासबुकात वाढीव वर्गणीसाठी वेगळा रकाना नसतो. ती कर्मचारी हिश्श्याच्या रकान्यात नेहमीच्या वर्गणीत मिसळूनच येते. तुमच्या बाबतीत १८,००० चे १२ टक्के म्हणजे २,१६० आणि वरचे ३,००० मिळून कर्मचारी हिस्सा ५,१६० दिसायला हवा. मालकाच्या २,१६० पैकी १,२५० रुपये पेन्शनच्या रकान्यात जातात, कारण पेन्शनसाठी वेतनाची मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५,००० आहे आणि तिचे ८.३३ टक्के तेवढेच होतात. उरलेले ९१० मालकाच्या हिश्श्यात दिसतात. मालक तुमच्या वाढीव रकमेइतकी भर घालायला बांधील नसतो, त्यामुळे ९१० हा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. ज्या ओळीत ५,१६० च्या जागी २,१६० आहे, तेवढीच ओळ तुमच्या कामाची आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पगारपत्रक फक्त किती कापले ते सांगते आणि पासबुक फक्त किती जमा झाले ते सांगते. या दोहोंच्या मध्ये मालकाने दरमहा भरलेले ईसीआर नावाचे विवरण असते, आणि गडबड बहुतेक वेळा तिथेच होते. त्यात प्रत्येक कर्मचाऱ्याची एकच ओळ असते: यूएएन (कर्मचाऱ्याचा कायमचा पीएफ क्रमांक), नाव, एकूण वेतन, पीएफचे वेतन, पेन्शनचे वेतन, विम्याचे वेतन, कर्मचाऱ्याची वर्गणी, पेन्शनची वर्गणी, दोहोंतील फरक, बिनपगारी दिवस आणि परत केलेला अग्रिम. तुमची मे २०२३ च्या पगाराची ओळ आणि जून २०२३ च्या पगाराची ओळ एकाखाली एक ठेवून पाहिली, की प्रश्न तिथल्या तिथे सुटतो. पहिलीत कर्मचारी वर्गणी ५,१६० असेल आणि दुसरीत २,१६० असेल, तर पैसे भविष्य निर्वाह निधी कार्यालयापर्यंत पोहोचलेच नाहीत. दोन्हींत ५,१६० असेल, तर रक्कम भरली गेली आणि खात्यावर चढण्यात अडकली. पहिल्या प्रकारात मालकाच्या मागे लागायचे असते आणि दुसऱ्यात कार्यालयाच्या. ही ओळ न पाहता लोक थेट तक्रार करतात, आणि मग कार्यालय मालकाकडे व मालक कार्यालयाकडे बोट दाखवत वर्ष निघून जाते.

माझा अंदाज पहिल्या प्रकाराचा आहे. तुम्हीच लिहिले आहे की जून २०२३ मध्ये जुने हिशेबनीस गेले आणि पगाराचे नवे सॉफ्टवेअर आले. अशा सॉफ्टवेअरमध्ये वाढीव वर्गणी हे पगारातील कपातीचे वेगळे शीर्ष असते, आणि ते ईसीआरच्या कर्मचारी वर्गणीच्या रकान्याशी जोडावे लागते. जोडले नाही, तर पगारातून ३,००० कापले जातात आणि विवरणात मात्र सरळ १२ टक्के जातात. एप्रिल २०२४ मध्ये नव्या वर्षाची संमतिपत्रे भरून घेताना कोणाच्या तरी लक्षात आले असावे आणि शीर्ष जोडले गेले असावे, पण मागचे दहा महिने तसेच राहिले. खंड ज्या महिन्यात सुरू होतो त्या महिन्यात कचेरीत काय बदलले, हे आधी विचारावे. निम्म्या प्रकरणांचे उत्तर त्यातच असते.

मग कापलेले पैसे गेले कुठे? बहुधा कुठेच गेले नाहीत. कारखान्याच्या खतावणीत 'पीएफ देय' अशा नावाचे खाते असते. दर पगाराला त्यात कपात जमा होते आणि चलान भरले की खाते शून्यावर येते. तुमच्या प्रकरणात दरमहा ३,००० भरायचे राहून मार्च २०२४ च्या पगाराचे चलान भरल्यानंतरही त्या खात्यात ३०,००० शिल्लक दिसत असणार. दिवाणजींना तेवढे खाते उघडून पाहायची विनंती करा. हिशेबाच्या माणसाला न जुळणारी शिल्लक दाखवणे हे त्याच्यावर आरोप करण्यापेक्षा कितीतरी उपयोगी पडते.

इतर शक्यता लवकर तपासून बाजूला ठेवा. तुमच्या नावावर दोन यूएएन किंवा दोन मेंबर आयडी (त्या त्या नोकरीचे पीएफ खाते क्रमांक) आहेत का ते पाहा, कारण प्रत्येक मेंबर आयडीचे पासबुक वेगळे उघडते. निधी कार्यालयाच्या संकेतस्थळावर आस्थापनेच्या नावाने शोधल्यास कोणत्या महिन्याचे चलान कोणत्या तारखेला आणि किती रकमेचे भरले तेही दिसते. त्यावरून अख्खा महिनाच थकला होता का एवढे कळते, एकट्या माणसाचा हिशेब कळत नाही. निधी कार्यालयाऐवजी स्वतःच रक्कम सांभाळणारा कारखान्याचा सूट मिळालेला पीएफ ट्रस्ट असता तर पासबुक तिथूनच मागावे लागले असते, पण तुमचे पासबुक दिसते आहे, म्हणजे तो प्रश्न येत नाही.

यानंतर तोंडी बोलणे थांबवून लेखी अर्ज द्यावा. जिनिंगच्या कचेरीत हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते आणि "होते ना भाऊ, काऊन घाई करता?" या उत्तरावर महिने जातात. अर्ज एका पानाचा असावा, त्यात राग नसावा आणि आकडे असावेत. मजकूर साधारण असा ठेवा: "माझ्या दि. … च्या संमतिपत्रानुसार जून २०२३ ते मार्च २०२४ या दहा महिन्यांच्या वेतनातून दरमहा ३,००० रुपये वाढीव भविष्य निर्वाह निधी वर्गणी म्हणून कापण्यात आले आहेत. सदर रक्कम माझ्या खात्यात जमा दिसत नाही. या दहा महिन्यांच्या ईसीआरमधील माझ्या नावाच्या ओळींची व चलानांची प्रत द्यावी, आणि रक्कम भरली नसल्यास योग्य त्या विवरणाद्वारे त्या त्या महिन्याच्या नावे भरावी." सोबत दहा पगारपत्रके, पासबुकाची छापील प्रत आणि संमतिपत्राची प्रत जोडा. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. पगारपत्रक मिळत नसलेल्या सहकाऱ्यांनी वेतन नोंदवहीतील नोंद, बँकेत जमा झालेला पगार आणि फॉर्म १६ मिळत असल्यास तो जोडावा.

अर्जाला तीन प्रकारची उत्तरे येऊ शकतात, आणि तिन्हींसाठी तयार असावे. पहिले म्हणजे, "ही तुमच्या मर्जीची वर्गणी आहे, कायद्याची नाही." वाढीव रक्कम कापायची की नाही हे कर्मचारी ठरवतो, हे खरे आहे. भविष्य निर्वाह निधी योजना १९५२ च्या परिच्छेद २९ मध्ये कर्मचाऱ्याला जास्त वर्गणी देण्याची मुभा आहे. परंतु वर्गणी म्हणून पगारातून एकदा कापलेली रक्कम स्वतःकडे ठेवण्याची मुभा कोणालाही नाही. कापून न भरणे हे फौजदारी विश्वासघातात मोडते. हे वाक्य अर्जात लिहू नका, मनात ठेवा. गावात त्याच माणसांसोबत पुढची वीस वर्षे काढायची असतात.

दुसरे उत्तर येईल, "तुमचे ३०,००० पगारासोबत परत देऊन टाकतो." हे ऐकायला बरे वाटते, पण मी घेऊ नका असेच सांगेन. निधीचा व्याजदर २०२३-२४ साठी ८.२५ टक्के होता, म्हणजे एवढ्या रकमेवर वर्षाला २,४७५ रुपये, आणि ते पुढे निवृत्तीपर्यंत चक्रवाढीने वाढणार. शिवाय ही रक्कम पगारपत्रकावर वर्गणी म्हणून आधीच दाखवून झाली आहे, तिची फिरवाफिरव नंतर निस्तरणे कठीण जाते. तिसरे उत्तर येईल, "पुढच्या महिन्यात एकदमच टाकतो." तेही जमणार नाही. वर्गणी जास्तीत जास्त मूळ पगार आणि महागाई भत्त्याएवढी असू शकते, आणि तुमच्या १८,००० च्या महिन्यात ५,१६० सोडून आणखी ३०,००० बसत नाहीत. रक्कम ज्या त्या महिन्याच्या नावानेच जायला हवी.

मालकाची समजूत काढायची असेल तर दोन गोष्टी सांगता येतात. निधीचे प्रशासकीय शुल्क वेतनावर आकारले जाते, वर्गणीवर नाही, त्यामुळे तुमची वाढीव रक्कम भरल्याने ते वाढत नाही. न भरल्याने मात्र खर्च वाढतो: भविष्य निर्वाह निधीच्या १९५२ च्या कायद्याच्या कलम ७-क्यू प्रमाणे थकीत रकमेवर वार्षिक १२ टक्के व्याज आणि कलम १४-ब प्रमाणे दंड लागतो, ज्याचा दर जून २०२४ पासून दरमहा १ टक्का करण्यात आला. शिवाय कर्मचाऱ्याची वर्गणी मुदतीत भरली नाही तर मालकाला प्राप्तिकरात तिची वजावट मिळत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिला आहे. कारखान्याच्या सीएला हे ठाऊक असते, आणि माझ्या मते अशा प्रकरणात दिवाणजींपेक्षा सीएशी बोलणे जास्त लवकर फळते.

महिनाभर वाट पाहूनही काही हालले नाही, तर निधी कार्यालयाच्या ईपीएफआयजीएमएस या तक्रार पोर्टलवर यूएएन टाकून तक्रार नोंदवा आणि अर्जाची पोच व कागद जोडा. मेंबर आयडीची सुरुवात एनजीएनएजी अशी असेल तर तक्रार नागपूरच्या कार्यालयाकडे द्यायची असते. तुमचे काम नागपूरचे आहे. प्रत्यक्ष भेटायचे असेल तर नागपूरला हेलपाटे घालण्याआधी 'निधी आपके निकट' या शिबिराला जा. जानेवारी २०२३ पासून ते दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात भरते, सुटी असल्यास पुढच्या कामाच्या दिवशी. तिथे कागदांचा एकच गठ्ठा न्यावा आणि वर एका पानाचा तक्ता लावावा: पगाराचा महिना, पगारपत्रकातील कपात, पासबुकातील जमा, फरक. अधिकाऱ्याला तक्ता वाचायला एक मिनिट लागते, गोष्ट ऐकायला अर्धा तास. मालकाने तरीही दाद दिली नाही, तर देय रक्कम निश्चित करण्यासाठी कलम ७-अ खाली चौकशी करण्याचा अधिकार कार्यालयाला आहे, आणि तशी मागणी तक्रारीत स्पष्ट शब्दांत लिहावी लागते.

तुम्ही शेवटी विचारले आहे की या दहा महिन्यांमुळे पेन्शन कमी होईल का. होणार नाही. पेन्शन ही पेन्शनपात्र वेतन आणि सेवेची वर्षे यांवर ठरते. वाढीव वर्गणी तिच्यात जातच नाही, ती निधीत राहते आणि एकरकमी मिळते. वर्गणी वर्षाला अडीच लाखांच्या वर गेली तर वरच्या भागाच्या व्याजावर कर लागतो, पण तुमची वर्षाची वर्गणी ६१,९२० रुपये होते, त्यामुळे तो विचार सोडून द्या.

एक गोष्ट मात्र आजच करा. तुमच्या कारखान्यात वाढीव वर्गणी देणारे आणखी कोणी असतील, तर त्यांचीही जून २०२३ ची ओळ तपासायला सांगा. चूक सॉफ्टवेअरच्या जोडणीत असेल तर ती सगळ्यांच्या बाबतीत सारखीच झालेली असणार, आणि मग सगळ्यांचे काम एकदमच होते. रक्कम चढल्यानंतर पासबुकात दहा नव्या ओळी आल्या का ते पाहा आणि वर्षाअखेरीचे व्याज कोणत्या महिन्यापासून धरले आहे तेही पडताळा. कमी वाटले तर आधीच्याच तक्रारीचा क्रमांक देऊन लिहा. तोपर्यंत या खात्यातून अग्रिम किंवा अंतिम रक्कम मागण्याचा कोणताही अर्ज करू नका.